दार एका कडेला असेल तर: दर्शनी भिंत सजवताना आणि दिवे लावताना

आमच्या घराची दर्शनी भिंत १२ फूट रुंद आहे, म्हणजे १४४ इंच. डावीकडे १८ इंचांची अरुंद पट्टी, मग चौकटीसकट ४२ इंचांचं दार, आणि उजवीकडे ८४ इंच नुसती मोकळी भिंत. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. घरांमधल्या दिव्यांची आखणी हे माझं रोजचं काम आहे, पण दार कडेला असलं की भिंत किती वेगळी वागते हे मला या एका भिंतीने शिकवलं.

सुरुवातीला मी दोन सारखे दिवे आणले. डावा अरुंद पट्टीच्या मधोमध लावला, उजवा मोकळ्या भिंतीच्या मधोमध. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात डावा दिवा चौकटीपासून ९ इंचांवर आला आणि उजवा ४२ इंचांवर. फाटकाशी उभं राहून पाहिलं की एक डोळा नाकाला चिकटलेला आणि दुसरा कानापाशी गेलेला, असा चेहरा दिसायचा. दार कडेला होतंच, दिव्यांनी ते आणखी कडेला ढकललं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. अशा भिंतीला तीन मध्यरेषा असतात: एक दाराची, एक उरलेल्या मोकळ्या भिंतीची आणि एक पूर्ण भिंतीची. पहिल्या दोन मनसोक्त वापरा. तिसरीवर काही टांगू नका, काही ठेवू नका, दिवा तर मुळीच लावू नका. ज्या क्षणी पूर्ण भिंतीच्या मध्यावर एखादी ठळक वस्तू येते, त्या क्षणी बघणाऱ्याचा डोळा तिच्यापासून दारापर्यंतचं अंतर मोजायला लागतो, आणि दार चुकलंय असं त्याला वाटतं. ती खूणच नसेल तर दार कशापासून सरकलंय हे सांगणार कोण?

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. मेजरिंग टेप, ओळंबा आणि कागदी चिकटपट्टी एवढं पुरतं. डाव्या कोपऱ्यापासून मोजलं तर आमच्या दाराची रेघ ३९ इंचांवर येते, मोकळ्या भिंतीची १०२ वर आणि पूर्ण भिंतीची ७२ वर. दाराची मध्यरेघ चौकटीच्या माथ्यावर खुणेने दाखवा. मोकळ्या भिंतीवर वरून ओळंबा सोडा, तो डोलायचा थांबला की दोरीच्या मागे वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावा. नुसत्या अंदाजाने उभी रेघ मारू नका. जुन्या घरात चौकट थोडी कललेली असते, आणि तिच्याकडे बघून मारलेली रेघही तशीच कलते.

७२ इंचांची ती तिसरी रेघ आमच्याकडे कुठे येत होती बघा. दाराची चौकट ६० इंचांवर संपते, म्हणजे चौकटीपासून बरोबर फूटभर उजवीकडे. आणि पोर्चच्या छतातला दिव्याचा पॉइंट नेमका तिथेच होता, कारण वायरिंग करताना पोर्चचा मध्य काढून तिथे डबी बसवली गेली होती. बहुतेक घरांत असंच होतं. पोर्च ५ फूट खोल, त्यामुळे तो दिवा दाराच्या भिंतीपासून अडीच फूट अलीकडे. दारासमोर किल्ली घेऊन उभं राहिलं की दिवा डोक्याच्या मागे यायचा आणि आपल्याच डोक्याची सावली कुलपावर पडायची. पोर्चभर उजेड आणि किल्लीच्या भोकात अंधार.

आता सजावटीचं. मध्यरेघ दाखवायची नाही, पण तोल मात्र तिच्याभोवतीच सांभाळायचा असतो. सी-सॉची फळी आठवा. एका बाजूला मोठं माणूस बसलं असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन हवं, किंवा हलकं मूल टोकाला बसवायला हवं. दार हे डोळ्याला जड असतं: मोठं, गडद, चौकटीत बांधलेलं. आमच्या दाराची रेघ मध्यापासून ३३ इंच डावीकडे आहे आणि मोकळ्या भिंतीची ३० इंच उजवीकडे. दोन्ही हात जवळजवळ सारखे. म्हणजे उजवीकडे एक छोटी तसबीर टांगून भागणार नाही, तिथे दाराला तोडीस तोड ठरेल असं काहीतरी लागेल. जे ठेवायचं ते आणखी कोपऱ्याकडे सरकवलं तर जरा कमी वजनातही काम होतं.

मी तिथे ४ फुटी लाकडी बाक ठेवलं आणि त्याच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात, मोठ्या कुंडीत एक उंच झाड. कुंडी धरून झाडाची उंची ५ फुटांच्या आसपास. ही उंची महत्त्वाची. नुसतं बाक ठेवलं तर सगळं वजन जमिनीलगत राहतं आणि दार एकटंच वर उभं दिसतं. बाकाच्या वरच्या भिंतीवर काही हवंच असेल तर एकच मोठी वस्तू लावा, बाकाच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीची, आणि ती बाकाच्या मध्यावर लावा. पाच छोट्या वस्तू लावल्या की भिंत गजबजते आणि तोल मात्र साधत नाही.

बाक चौकटीला खेटून ठेवू नका. कडीच्या बाजूला निदान दीड फूट भिंत रिकामी हवी. तिथे पाहुणा उभा राहतो, हातातली पिशवी टेकवतो, छत्री मिटतो. ही रिकामी जागा सजावटीचाच भाग आहे, तिच्यामुळे दार आणि बाक हे दोन वेगळे गट दिसतात.

अरुंद पट्टीबद्दल माझं मत ठाम आहे: तिथे काही ठेवू नका. मी एक उभी, अरुंद कुंडी ठेवून पाहिली होती. पानं सतत चौकटीवर यायची, पावसात येणाऱ्याच्या बाहीला घासायची, आणि १८ इंचांची जागा ९ इंचांची वाटायची. ती काढली आणि पट्टी रंगवली, दाराच्याच गडद रंगात, चौकटीसकट, थेट कोपऱ्यापर्यंत. ४२ इंचांचं दार एकदम ६० इंचांचं दिसायला लागलं. गडद भाग आता कोपऱ्यापासून सुरू होतो आणि दार तिथे मुद्दाम बसवल्यासारखं वाटतं. सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी कष्टाचं आणि सर्वांत जास्त फरक पाडणारं काम हेच ठरलं. ज्यांना दिव्यांची भानगड नको आहे त्यांनी निदान एवढं करून बघावं. रंग चकचकीत घेऊ नका, मॅट किंवा हलक्या सॅटिन झाकेचा घ्या. चकचकीत रंगात रात्री दिव्याचं प्रतिबिंब उमटतं आणि पट्टीवर नको तिथे चमक येते.

दिव्यांचा विचार करताना आधी दिव्यांची दुकानं विसरा आणि स्वतःला विचारा, उजेड कशाकशावर पडायला हवा? माझं उत्तर असं: कुलपावर, येणाऱ्याच्या चेहऱ्यावर, पायरीच्या कडेवर, आणि मोकळ्या भिंतीवर. पहिली दोन कामं एकच दिवा करतो.

हा दिवा कडीच्या बाजूला लावा. जोडीचा मोह टाळा. १८ इंचांच्या पट्टीत दुसरा दिवा कोंबण्यापेक्षा एकच दिवा, पण पुरेसा मोठा, हे बरं दिसतं. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६६ इंचांच्या आसपास, म्हणजे साधारण डोळ्यांच्या पातळीवर, आणि चौकटीपासून ८ ते १० इंचांवर. याच्या वर गेला की भुवया आणि नाकाची सावली चेहऱ्यावर उतरते आणि ओळखीचं माणूसही अनोळखी वाटतं. घराचा क्रमांक किंवा नावाची पाटी याच दिव्याच्या खाली लावली की तिच्यासाठी वेगळा उजेड लागत नाही. पाटी आणि अक्षरांच्या रंगात भरपूर फरक ठेवा, पितळी पाटीवरची पितळी अक्षरं दिवसासुद्धा वाचता येत नाहीत.

दिव्याच्या आकाराची चूक फार जण करतात आणि ती नेहमी एकाच बाजूला होते: दिवा लहान पडतो. हातात धरलेला दिवा भला मोठा वाटतो, तोच भिंतीवर लावून २० फुटांवरून पाहिला की काडेपेटीएवढा दिसतो. दार ७ फूट, म्हणजे ८४ इंच उंच असेल तर एकट्या दिव्याची उंची दाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर आणि तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चालते: २१ ते २८ इंच. मी वर्तमानपत्राचे तीन आकार कापले, १४, २० आणि २४ इंचांचे, आणि एकेक भिंतीवर चिकटवून फाटकाशी जाऊन पाहिले. मनात १४ चा होता. फाटकावरून तो विजेच्या बटणासारखा दिसला. लावला २४ चा.

बल्ब उघडा दिसेल असा दिवा घेऊ नका. पारदर्शक काचेतला झगझगीत बल्ब सुंदर दिसतो, पण डोळ्यांची बाहुली त्याला बघून आकसते आणि आजूबाजूचं सगळं आणखी काळोखं होतं. दुधी काच, किंवा बल्ब आत लपेल अशी टोपी असलेला दिवा घ्या. वयस्कर माणसांना हे फार जाणवतं, त्यांच्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो आणि झगमगाटातून सावरायला वेळही जास्त लागतो. एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅटऐवजी लुमेन वाचा. ४५० लुमेन म्हणजे जुन्या ४० वॅटच्या बल्बएवढा उजेड, ८०० लुमेन म्हणजे ६० वॅटच्या बल्बएवढा. काच दुधी असेल तर दाराशी ४५० ते ८०० च्या दरम्यान कुठेतरी भागतं. रंगछटा २७०० केल्विन, फार तर ३००० (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर), आणि दर्शनी भागातले सगळे दिवे एकाच छटेचे. एक पिवळसर आणि एक निळसर असला की एकच भिंत दोन घरांची वाटते. दार लाकडी असेल तर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, ९० किंवा त्याहून जास्त असलेला बल्ब शोधा. कमी सीआरआयच्या उजेडात लाकडातला तांबूसपणा मरतो आणि शिसवीसुद्धा पुठ्ठ्यासारखी दिसते.

मोकळ्या भिंतीचा उजेड ही खरी गंमतीची गोष्ट आहे. रात्री तोल वस्तूंनी साधत नाही, उजेडाने साधतो. दाराशी दिवा आणि उजवीकडे सात फूट अंधार असेल तर दिवसा जमवलेलं बाक-झाड सगळं नाहीसं होतं आणि घर पुन्हा एका बाजूला कलतं. म्हणून दुसरा उजेड उजवीकडे हवा, पण दारापेक्षा मंद. इथेच छतातला तो अडनिडा पॉइंट उपयोगी पडला. मी तिथला गोल दिवा काढला आणि मान वळवता येणारा छोटा स्पॉट बसवला. दिव्याचं बूड त्याच नकोशा रेघेवर राहिलं, पण ते छताच्या रंगाचं असल्यामुळे दिसत नाही, आणि उजेड पडतो बाकावर आणि झाडावर. नवं वायरिंग शून्य. तुम्हाला झुंबर किंवा लोंबता दिवाच हवा असेल तर तो दाराच्या रेघेवर यायला हवा. त्यासाठी त्याच पॉइंटवरून वायर छतालगत आणून दाराच्या मध्यावर आकड्याला अडकवता येते. दिव्याचं खालचं टोक जमिनीपासून ७ फुटांच्या वर ठेवा, आणि दार बाहेर उघडत असेल तर झडपेच्या वाटेत तो येत नाही ना, तेही पाहा.

भिंत उजळताना दिवा भिंतीपासून किती लांब आहे यावर सगळं ठरतं. ६-८ इंचांवरून खाली मारलेला उजेड भिंतीला घासत जातो आणि गिलाव्यातली प्रत्येक लहर, प्रत्येक भरलेली भेग वर काढतो. दगडी किंवा विटांची भिंत असेल तर हे फार देखणं. साध्या गिलाव्यावर मात्र दिवा दोन-अडीच फूट लांब हवा, म्हणजे उजेड सपाट पसरतो. आमच्या भिंतीचा गिलावा दिवसा गुळगुळीत दिसतो. मी रात्री तिच्याशी टॉर्च चिकटवून धरला तेव्हा कळलं की खिडकीच्या जुन्या जागेचा पूर्ण चौकोन अजून तिथे आहे.

ही रात्रीची चाचणी चुकवू नका. एक दिवा काहीही विकत घेण्याआधी, एक्स्टेन्शन बोर्डला होल्डर जोडून, त्यात घ्यायचाय तशाच ताकदीचा बल्ब लावून, भिंतीशी धरून बघा. कोरड्या रात्री, आणि वायरला कुठे जोड नसेल अशी वायर घेऊन. एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने फाटकाशी उभं राहायचं. आमच्याकडे आई फाटकाशी होती. मी बल्बला ट्रेसिंग कागदाची टोपी करून चौकटीच्या उजवीकडे धरला होता.

"अगं, खाली घे. डोळ्यांत येतोय."

चार इंच खाली घेतला.

"अजून थोडा. आता बाजूला हो बघू." मग थोडा वेळ काहीच नाही. "हं. आत्तापर्यंत दिवा दिसत होता. आता दार दिसतंय."

मी तिथेच पेन्सिलने खूण केली. नंतर मोजलं तर ६५ इंच. पुस्तकी ६६ पेक्षा एक इंच खाली, आणि मी तो ६५ वरच लावला. आईची उंची, आमच्या फाटकापासूनचा उतार, हे पुस्तकाला कुठून माहीत असणार.

पायरीला विसरू नका. वरून आणि मागून येणाऱ्या उजेडात पायरीची कड आणि तिचा उभा भाग एकाच रंगाचे दिसतात, पाऊल चुकतं ते तिथेच. पायरीच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर, फक्त खाली उजेड टाकणारा बारका दिवा पुरतो. आडव्या उजेडाने कड आपोआप ठळक होते. सौर दिवे वाटेच्या कडेला खुणेपुरते ठीक, पायरी आणि कुलूप त्यांच्या भरवशावर टाकू नका, ढगाळ दिवसांनंतर ते मध्यरात्रीच मालवतात.

हालचाल ओळखणारा सेन्सर लावणार असाल तर त्याचं तोंड थेट वाटेकडे करू नका. तो शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो, आणि माणूस त्याच्या नजरेसमोरून आडवा गेला की लवकर जागा होतो, समोरून सरळ चालत आलं तर उशिरा. भिंतीच्या कोपऱ्यात, वाटेला आडवा बघेल असा बसवा. अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा असेल तर त्याच्या सेन्सरवर त्याच दिव्याचा उजेड पडत नाही ना हे पाहा, नाहीतर दिवा लागतो, सेन्सरला दिवस वाटतो, दिवा विझतो, आणि हे रात्रभर चालतं.

जोडणीचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, मीही तेच करते. मेन स्विच बंद आणि टेस्टरने खात्री, त्याआधी कुणी वायरला हात लावायचा नाही. बाहेरच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवा. छताखाली, फक्त शिंतोडे येतील अशा जागी आयपी ४४ चा दिवा चालतो (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), पाऊस थेट झोडपत असेल तर आयपी ६५ घ्या. भिंत फोडायची नसेल तर केसिंग-पट्टी चौकटीच्या कडेने उभी न्या आणि चौकटीच्याच रंगात रंगवा, चार पावलांवरून दिसत नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी मी उभं राहून करून घेते: दिव्याचं बूड भिंतीला टेकतं तिथे सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरायचं, खालची कड मोकळी ठेवायची. चारी बाजू बंद केल्या तर आत शिरलेलं किंवा आत साचलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. आमचा एक दिवा असाच आतून गंजला.

पायपुसणं दाराच्या रेघेवर, आणि झडपेएवढं रुंद. ३६ इंचांच्या झडपेपुढे १८ इंचांचं पायपुसणं म्हणजे पाकिटावरचं तिकीट. फाटकापासून येणारी वाट भिंतीच्या मध्याकडे येत असेल तर शेवटची दोन-तीन पावलं दाराकडे वळवा आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला एक बुटकी कुंडी ठेवा, पाय आपोआप वळतात. आत गेल्यावरही हाच नियम: लांबट सतरंजी दाराच्या रेघेत, खोलीच्या मध्यात नाही. आरसा बाजूच्या भिंतीवर, आणि बटण कडीच्या बाजूला, आत पाऊल टाकताच हात पोचेल असं.

सगळं ठरलं की एक फोटो काढा, फोनमध्ये तो आरशासारखा उलटा करा आणि डोळे किलकिले करून बघा. रोजच्या सवयीने न दिसणारा कल उलट्या फोटोत चटकन दिसतो. दिवसा एकदा आणि दिवे लावून एकदा. आमचं बाक त्यानंतर आणखी ४ इंच कोपऱ्याकडे गेलं. कागदी दिवा आणि चिकटपट्टीच्या रेघा भिंतीवर आठवडाभर तशाच राहू द्या, येता-जाता नजर पडू द्या, आणि मगच ड्रिल बाहेर काढा.